कासवाची हिवाळी निद्रा

इंग्लंडांत रेडिंग येथें राहणाऱ्या आमच्या धाकट्या कन्येचें पत्र आश्विनांत आलें. नातवानें पाळलेलें हर्मन जातीचें कासव एक वर्षाचें झालें असून, दिवस लहान होऊं लागल्यापासून तें खाण्यास तोंड लावीत नाहीं. त्यास हिवाळ्यांत निजवावें, कीं दिव्याच्या उबेंत जागें ठेवावें? शेजारच्या वृद्ध बाईंचें कासव गेल्या वर्षीं बागेंतील खोपटांत निजलेलें असतां एका रात्रींच्या हिमानें मेलें. तेव्हांपासून मुलगा रात्रीं उठून आपलें कासव हलतें कीं नाहीं तें पाहतो.

‘मुळींच निजवूं नका,’ असें मीं तत्काळ लिहून टाकलें. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील कूर्माचा दृष्टांत वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला, एवढ्यावर कासवाविषयीं मत देण्याचा अधिकार आला असें मला वाटलें असावें! मागाहून वाचन केलें, तेव्हां दुसरें पत्र लिहून पहिलें मागें घ्यावें लागलें.

प्रथम जात पाहावी. भूमध्य समुद्राकांठचीं हर्मन व ग्रीक कासवें थंडींत निजतात. सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें १७८० सालीं आपल्या आत्याचें टिमथी नांवाचें कासव घरीं आणलें. तें दर हिवाळ्यास स्वतःला मातींत पुरून घेई. (नांव पुरुषाचें, पण ती मादी होती.) आपल्याकडील तारांकित कासव असें निजत नाहीं; शिवाय तें घरीं बाळगणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हें मुलांस अवश्य सांगावें.

मग प्रकृति. नाकास पाणी, सुजलेले डोळे, घटलेलें वजन यांपैकीं कांहीं असल्यास त्या वर्षीं निजवूं नये. पशुवैद्यास आधीं दाखवावेंच. परंतु सर्वांत वाईट ती मधली स्थिति: खाण्याइतकी ऊब नाहीं, निजण्याइतकी थंडी नाहीं. त्यांत तें अंगांतील सांठा जाळीत राहतें, आणि पिलाजवळ सांठा तो किती! कन्येच्या स्वयंपाकघराच्या खिडकींत नेमकें हेंच चाललें होतें.

वैद्यानें प्रकृति निकोप ठरविल्यावर मीं सुचविलें तें असें. पहिल्या खेपेस तीन-चार आठवडेच निजवावें. त्यापूर्वीं दहा-बारा दिवस अन्न बंद, कारण थंडींत पचन थांबून पोटांतील अन्न कुजतें; मात्र रोज कोमट पाण्यांत बसवावें. आरंभीं ऊब ठेवून आंतडें रिकामें होऊं द्यावें, मग ती हळूहळू कमी करावी. शेवटीं भोंकें पाडलेल्या डब्यांत, ओलसर मातींत, ५ अंश सेल्सिअसवर ठेवावें. १० च्या वर तें जागें होऊं लागतें. शून्याखालीं डोळे जातात, प्राणही जातो. खोपटांत हें साधत नाहीं, म्हणून तिकडील जाणते लोक फ्रिज वापरतात.

हें ऐकून आमच्या घरांत गहजब झाला. ‘जिवंत प्राणी दुधाशेजारीं?’ मंडळींनीं विचारलें. दुधाशेजारीं नव्हे! त्यास स्वतंत्र लहान फ्रिज हवा; तो आधीं आठवडाभर रिकामा चालवून उष्णतामापकानें पारखावा, व पुढें दर दोन-तीन दिवसांनीं दार उघडून हवा बदलावी. दर आठवड्यास वजन करावें. नातवाचें कासव ४८ ग्रॅम भरलें. ४३ वर येण्याआधींच उठवावें, आणि मध्यें मूत्र विसर्जिलें तर त्याच दिवशीं.

कन्या अजून साशंक आहे; मी तिला दोष देत नाहीं. दिवा व चारा यांत कसूर न केल्यास एक हिवाळा जागेपणीं काढतां येतो, हेंही मीं लिहिलें आहे. नातवानें मात्र वजनाची वही आंखली असून पहिल्या रकान्यांत ४८ मांडून ठेविले आहेत.