चांगुलपणावर सोडू नये अशी सीमा

समुपदेशकाने क्लायंटशी किती जवळीक ठेवावी, हा प्रश्न आपल्याकडे चारित्र्याचा मानला जातो. माणूस सज्जन असला की सीमा आपोआप पाळली जाईल, असा समज त्यामागे असतो. मनोविश्लेषणाचा इतिहास वेगळं सांगतो. झ्युरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात १९०४ साली साबिना श्पीलराइन ही तरुणी दाखल झाली. तिचे डॉक्टर होते कार्ल युंग. मनाच्या अभ्यासात त्यांचा हात धरणारे थोडेच; तरीही या नात्याने उपचाराची मर्यादा ओलांडली आणि १९०९मध्ये प्रकरण मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यापर्यंत गेलं. पुढच्याच वर्षी फ्रॉइडने रुग्णामुळे डॉक्टरच्या मनात जाग्या होणाऱ्या भावनांना ‘काउंटरट्रान्स्फरन्स’ म्हटलं आणि त्या ओळखून त्यांवर मात करायला हवी, असं बजावलं. १९५० साली मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं: या भावना क्लायंटचं मन समजण्याचं साधनही आहेत. एका क्लायंटला ठरलेल्या वेळेपलीकडे थांबवून घ्यावंसं समुपदेशकाला वाटतं, दुसऱ्याची भेट रद्द झाली की हायसं वाटतं. दोन्हींतून काही कळतं. मात्र त्यासाठी भावना आधी तपासावी लागते. तपासण्याआधीच तिच्या आहारी गेलं, तर उपचार समुपदेशकाच्या गरजेभोवती फिरू लागतो.

यावर आक्षेप येतो, की क्लायंटपासून ठेवायचं हे पाश्चात्त्य अंतर आपल्याला मानवत नाही. इथे समुपदेशिकेला ताई म्हणतात, लग्नाची पत्रिका देतात, पेढे आणतात. आक्षेपात तथ्य आहे. मानसोपचारतज्ज्ञ गुथाइल आणि गॅबर्ड यांनी १९९३मध्ये सीमा ओलांडणं आणि सीमेचा भंग यांत फरक केला, तो इथे उपयोगी पडतो. पेढा घेतल्याने भंग होत नाही. क्लायंटची हानी किंवा पिळवणूक झाली की होतो. म्हणून विचारायचं ते हे, की ही जवळीक कुणाची गरज भागवते? अडचण अशी, की ज्याला क्लायंटचं प्रेम हवंसं झालं आहे, त्याच्याकडूनच प्रामाणिक उत्तराची अपेक्षा असते. त्यामुळे अनुभवी सहकाऱ्यासमोर नियमितपणे काम मांडणं, म्हणजे सुपरव्हिजन, अनुभव वाढला तरी सुटता कामा नये. ते लहान गावातल्या समुपदेशकाला परवडत नाही, हेही खरं. पण म्हणून ते वगळायचं नसतं. शाळा, रुग्णालयं, सेवाभावी संस्थांनी सुपरव्हिजनचा वेळ पगारी कामात धरायला हवा. क्लायंट आपलं सर्वांत दुखरं समुपदेशकाच्या हाती देतो. त्याची सुरक्षितता एकट्या माणसाच्या चांगुलपणावर सोडणं हा त्या माणसावरही अन्याय आहे.