वारणेचा तह ही पळवाट नव्हती

अलीकडे मालवणात एका व्याख्यानात एका अभ्यासू गृहस्थांनी ठासून सांगितलं, की यादवी एका पक्षाचा पुरता निकाल लागेपर्यंत लढू द्यावी. शेजाऱ्यांनी एकत्र बसून केलेले तह म्हणजे दमलेल्यांची पळवाट. पुरावा म्हणून त्यांनी सातारा आणि पन्हाळा या दोन गाद्यांमधला 1731 चा वारणेचा तह पुढे केला. शाहू महाराजांनी जिंकलेला डाव सोडला, दौलत दुभंगली आणि एवढं करून शांतता आलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमुळेच हे लिहावं लागतंय.

दौलत 1731 मध्ये दुभंगली नाही. तहाच्या वीस वर्षं आधीपासून साताऱ्याला एक गादी होती आणि पन्हाळ्याला दुसरी. जे होतं ते तहाने कागदावर आणलं. महाराज दमले होते, हेही खरं नाही. 1730 मध्ये वारणेकाठी श्रीपतराव प्रतिनिधींनी पन्हाळ्याच्या गादीवरचे महाराजांचे चुलतभाऊ संभाजीराजे यांच्या छावणीचा धुव्वा उडवला होता. ताराबाई आणि संभाजीराजांची राणी जिजाबाई साताऱ्याच्या हाती लागल्या होत्या. महाराजांनी जिजाबाईंना सन्मानाने परत पाठवलं, कराडजवळ जखिणवाडीला चुलतभावाची भेट घेतली आणि 13 एप्रिल 1731 रोजी तह केला. जिंकलेल्याने केलेल्या तहाला पळवाट म्हणायला धाडस लागतं. अभ्यास लागत नाही.

आता ‘निकाल लागेपर्यंत लढा’ या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ऑक्टोबर 1707 मध्ये ताराबाईंच्या सैन्याविरुद्धची खेडची लढाई शाहू महाराजांनी जिंकली. सातारा घेतला, जानेवारी 1708 मध्ये राज्याभिषेक झाला. मग निकाल का लागला नाही? कारण हरलेल्या पक्षाला शेजारच्या घराचं दार उघडं होतं. 1711 मध्ये सेनापती चंद्रसेन जाधव बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्यावर ताराबाईंकडे गेला आणि तिथून निजामाच्या पदरी. उदाजी चव्हाण शिराळ्याच्या बाजूला धुमाकूळ घालायचा तो पन्हाळ्याच्या बळावर. साताऱ्याशी बिनसलं की पन्हाळा आणि दोन्हीकडे जमलं नाही की निजाम, हा प्रत्येक असंतुष्ट सरदाराचा ठरलेला रस्ता होता. 1727 मध्ये निजामाने तर संभाजीराजांनाच हाताशी धरून छत्रपती नक्की कोण, असा वाद उभा केला आणि त्या सबबीखाली चौथाई अडवली. अशी यादवी रणांगणावर कशी संपणार? तुम्ही एक ठाणं घ्याल, शेजारी दुसरं उभं करून देईल. चोवीस वर्षं हेच चाललं होतं. वक्त्यांना आणखी किती वर्षं हवी होती?

ती संपली कशी, तेही पाहा. फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात त्याला संभाजीराजांची पाठराखण सोडायला लावली. चुलीतली लाकडं आधी काढली गेली. उकळी मग बसली. आणि वारणेच्या तहाची नऊ कलमं वाचा. वडगावचं ठाणं पाडायचं. एकाच्या वैऱ्याचं पारिपत्य दुसऱ्याने करायचं. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवायचे नाहीत. यातलं हे शेवटचं कलम सगळ्यांत शहाणं. चंद्रसेन ज्या रस्त्याने गेला तो रस्ताच त्याने बंद केला. शाहू महाराज 1749 मध्ये वारले. तोवर या दोन भावांत गादीसाठी पुन्हा लढाई झाली नाही. घरची पाठ मोकळी झाली म्हणून 1739 मध्ये वसईपर्यंत मजल गेली.

हे मराठ्यांपुरतंच नाही. 7 ऑगस्ट 1987 रोजी मध्य अमेरिकेतल्या पाच देशांच्या अध्यक्षांनी ग्वाटेमालात एस्किपुलासचा करार केला, त्याचाही गाभा हाच होता. बंडखोरांची मदत थांबवायची, आपली भूमी दुसऱ्याविरुद्ध वापरू द्यायची नाही. होंडुरासमध्ये तळ ठोकून निकाराग्वात लढणाऱ्यांचं बळ त्याने ओसरलं. ग्वाटेमालात शांतता यायला 1996 उजाडलं, हे खरं. पण तिथलं युद्ध छत्तीस वर्षं चाललं होतं. ते लढून का संपलं नाही, हे वक्त्यांनी सांगावं.

अशा तहांविरुद्ध श्रीलंकेचा दाखला तर हमखास येतो. भारत-श्रीलंका करार 29 जुलै 1987 चा, एस्किपुलासच्या नऊ दिवस आधीचा, आणि तो फसला. पण त्यात एक शेजारी आणि एक सरकार एवढेच होते. लढणाऱ्या तमिळ वाघांची सही नव्हती. तो दाखला माझ्या बाजूचा आहे.

    

वक्त्यांचा एक मुद्दा मात्र दखल घेण्याजोगा आहे: या किनाऱ्यावर तहाने शांतता आली नाही. बरोबर. तहात साळशीपासून दक्षिणेला अंकोल्यापर्यंतचं कोकण कोल्हापूरला, म्हणजे पन्हाळ्याच्या गादीला, दिलं गेलं. साळशी आज देवगड तालुक्यातलं गाव. पण तिथे ज्यांचं राजकारण आणि आरमार चालत होतं ते सावंतवाडीचे सावंत आणि आंग्रे तहात नव्हते. म्हणून वाडी आणि कोल्हापूर भांडत राहिले. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, पुढच्या वर्षी परत दिला. पुढे वाडीत वारसाहक्काची यादवी पेटली, त्यात कोल्हापूरने हात घातला. अखेर 1812 मध्ये इंग्रजांनी दोघांशी वेगवेगळे तह केले. वाडीकडून वेंगुर्ला घेतलं, कोल्हापूरकडून मालवण. मालवणच्या धक्क्यावर उभं राहून पाहा. समोर सिंधुदुर्ग, दांडीसमोर पद्मगड, इकडे राजकोट आणि उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या मुखाशी सर्जेकोट. चारही किल्ले त्या एका तहात गेले. शेजाऱ्यांनी आपसांत तह केला नाही की तिसरा येऊन करतो आणि त्याची किंमत बंदरांत वसूल करतो.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच. यादवी थांबवायची तर शेजाऱ्यांनी मदत तोडावी, फुटलेल्यांना थारा देऊ नये आणि ज्यांच्या हाती शस्त्र आहे त्या प्रत्येकाला बैठकीत बसवावं. वारणेला पहिल्या दोन गोष्टी झाल्या, तिसरी राहिली. दोष त्या राहिलेल्या गोष्टीचा आहे, तहाचा नाही. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून ‘निकाल लागेपर्यंत लढा’ म्हणालं, तर टाळी वाजवण्याआधी 1812 मध्ये निकाल कुणाच्या बाजूने लागला, एवढं जरूर विचारा.