संपादकीय : हिशेबात नसलेली सून

जपानी चित्रपट म्हटला की कुरोसावा, ओझू, मिझोगुची ही नावे पुढे येतात. मिकिओ नारुसे (१९०५–१९६९) मागेच राहतात. त्यांचे नाव निघालेच, तर १९५५च्या ‘तरंगते ढग’पाशी थांबते. स्त्री-संघटनांनी आवर्जून पाहावेत असे त्यांचे दोन चित्रपट मात्र त्यानंतरचे आहेत. दोन्हींत मुख्य भूमिका हिदेको ताकामिने यांची आहे.

‘स्त्री जिना चढते तेव्हा’ (१९६०) मधली केइको विधवा आहे. टोकियोतल्या गिंझा भागात ती बार सांभाळते. नारुसे तिच्या चारित्र्याचा निवाडा करत नाहीत, तिचा जमाखर्च मांडतात : घरभाडे, किमोनो, शिवाय भावाच्या वकिलाची फी आणि पोलिओ झालेल्या भाच्याची शस्त्रक्रिया. कमावणारी ती एकटी. पैशावर हक्क सगळ्यांचा.

‘मिदारेरु’ (१९६४) मधली रेइको युद्धकाळात विधवा होते. हल्ल्यात जळालेले सासरचे दुकान ती पुन्हा उभे करते, अठरा वर्षे चालवते. मग गावात सुपरमार्केट येते. ते अंडी इतकी स्वस्त विकते की लहान दुकानदार बुडू लागतात. आपणही सुपरमार्केट काढावे, असे घरात ठरू लागते आणि वहिनी अडचणीची होते. नणंदांना अचानक तिच्या पुनर्विवाहाची काळजी वाटू लागते. धाकटा दीर तिची बाजू घेतो, तिच्यावर प्रेमही करतो. शेवटी तीच घर सोडते.

तिला कोणी मारत नाही, हाकलतही नाही. सारे गोड शब्दांत चालते. मारहाण झाली तर तक्रार नोंदवता येते. अठरा वर्षांच्या राबण्याची तक्रार कुठे नोंदवायची?

जपानच्या वारसा कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली ती २०१९ साली. सुनेसारख्या नातलगाने मोबदला न घेता शुश्रूषा किंवा अन्य काम करून मिळकत राखली वा वाढवली असेल, तर त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर वारसांकडे पैसे मागता येतात. चित्रपटानंतर तब्बल ५५ वर्षांनी! आपल्याकडे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा सुनेला सासऱ्याच्या वारसांत स्थान दिले, पण ते नात्यामुळे. दुकानात वा शेतात राबल्याबद्दल नव्हे.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत ‘मिदारेरु’ जरूर दाखवा. नंतर प्रत्येकीला एवढेच विचारा : तू जिथे राबतेस, त्या दुकानाच्या, त्या शेताच्या कागदावर नाव कोणाचे आहे?