पुंडलिकाने सेवा स्वतः केली

२१ सप्टेंबर हा दिवस जगभर अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने व्याख्याने होतात, लेख येतात आणि दुसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. मात्र ज्या घरातील आजोबा सख्ख्या नातवालाच ‘तू कोणाचा रे?’ असे विचारतात, त्या घरापुढे हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

आपल्याकडे मुळात याला आजार मानण्याचीच तयारी नसते. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून वेळ मारून नेली जाते. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ भाग नव्हे. तो मेंदूचा विकार आहे. त्यात ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या दीर्घकाळ टिकतात. म्हणूनच तासाभरापूर्वी जेवल्याचे न आठवणारी आजी लहानपणी पाठ केलेली रामरक्षा अनेकदा न अडखळता म्हणते. अशा वेळी तिची परीक्षा न घेता तिच्या सुरात सूर मिसळावा. हे काम नातवंडांइतके चांगले कोण करील?

कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. पण पाश्चात्त्यांच्या वृद्धाश्रमांकडे बोट दाखवताना आपल्या घरातही डोकवावे. ‘कुटुंब सांभाळते’ याचा अर्थ बहुधा एकटी सून सांभाळते, असाच असतो. अपरात्री दार उघडून निघालेल्या सासऱ्यांमागे तीच धावते, अंथरूण तीच बदलते आणि वस्तू सापडली नाही की चोरीचा आळही तिच्यावरच येतो. मुलगा औषधे आणून मोकळा होतो, नातलग फोनवरून सूचना देतात. गौरव मात्र संस्कृतीचा होतो! साक्षात परब्रह्म दारी आले असता पुंडलिकाने वीट पुढे केली आणि आईवडिलांची सेवा सोडली नाही. ती सेवा पत्नीवर सोपवून तो देवाच्या स्वागताला धावला नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

२००७ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या निर्वाहाची जबाबदारी सज्ञान नातवंडांवरही टाकली आहे. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले, हेही स्वागतार्ह आहे. परंतु या आजाराचे खरे रुग्णालय घर हेच असते आणि तेथील परिचारिकेला रजा नसते. नगरपालिकांनी दिवसापुरती सांभाळ केंद्रे उभारावीत, असा आग्रह धरलाच पाहिजे. तोवर समाजाने हात बांधून बसू नये. वस्तीतील कार्यकर्त्यांनी आणि महिला मंडळांनी अशी घरे हेरून आठवड्यातून दोन तास त्या आजी-आजोबांजवळ बसावे आणि घरातील स्त्रीला तेवढा विसावा द्यावा. या सेवेला निधी लागत नाही, सत्कार समारंभही लागत नाही. ज्यांनी आपल्याला बोट धरून चालायला शिकवले, त्यांना आपले नाव आठवत नसेल. ते कोण आहेत, हे आपण विसरता कामा नये.