पहिलीवहिली वेबसाइट

दोन वीकेंड घालवून स्वत:च्या हाताने वेबसाइट बनवायची, हा किडा हल्ली बऱ्याच जणांना चावतो. जरूर बनवा! पण समजा, साइट मावशीच्या घरगुती फराळाची आहे. तुमची हौस होईल, तिच्या मात्र दिवाळीच्या ऑर्डर्स त्यावर ठरतील. तेव्हा काही फंडे आधीच क्लिअर असलेले बरे.

आधी कागद, मग कम्प्युटर : साइटवर येणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात. चकलीचा भाव, डिलिव्हरी कुठवर आणि फोन नंबर. त्या पहिल्याच स्क्रीनवर दिसू द्या. 'आमच्याविषयी'चा निबंध नंतर. स्टीव्ह क्रूग यांच्या २००० सालच्या पुस्तकाचं नावच 'डोन्ट मेक मी थिंक' आहे. त्यात सगळं आलं.

मोबाइलवर बघा : ऑफिसच्या मॉनिटरवर झक्कास दिसणारं पान फोनवर पार कोलमडू शकतं. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्याच्या तंत्राला ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' असं नाव दिलं. तयार टेम्प्लेटमध्ये ही सोय बहुधा असतेच, तरी एकदा फोनवर उघडून बघाच.

फोटोंचं डाएट : मोबाइलने काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे दहा टाकलेत, तर लोकलमध्ये लटकणारं गिऱ्हाईक पान उघडायची वाट बघत बसणार नाही, दुसरीकडे ऑर्डर देऊन मोकळं होईल. प्रत्येक फोटो लहान करून शे-दोनशे केबीवर आणा.

अक्षर वाचता आलं पाहिजे : मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मशिनवर गिचमिड दिसतो आणि सर्चमध्येही सापडत नाही. आपल्याकडे वर वेलांट्या, खाली उकार. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं स्टायलिश वाटतात, पण मावशीच्या वयाच्या गिऱ्हाइकाला ती दिसतच नाहीत.

डोमेन मावशीच्याच नावावर घ्या आणि रिन्यूअलची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत टळली, तर ते नाव दुसराच कुणीतरी उचलू शकतो.

आणि शेवटची परीक्षा. शेजारच्या काकूंच्या हातात फोन द्या, 'एक किलो चकली मागवा' म्हणा आणि गप्प बसा. अजिबात मदत करायची नाही! त्या जिथे अडकतील, तिथे साइट चुकलीय, काकू नाही.