पाठीवरचा हात

भाकरी का करपली? पाने का सडली? घोडा का अडला? ह्या तीन प्रश्नांना मिळून एकच उत्तर शोधण्याचे कोडे महाराष्ट्रातील मुलांना कित्येक पिढ्या घातले जात आहे. ‘न फिरविल्यामुळे’ हे त्याचे उत्तर. भाकरी तव्यावर फिरविली नाही म्हणून करपली, पाने वरखाली फिरविली नाहीत म्हणून सडली, आणि घोडा नित्य फिरविला नाही म्हणून ऐन वेळी अडला. उत्तर मोठे चतुराईचे आहे. परंतु घोड्यापुरते पाहिले तर ते अपुरे आहे. नित्य फिरविलेला घोडासुद्धा कधी कधी भर वाटेत अडतो. अशा वेळी धनी त्याला हट्टी म्हणतो, अडेल म्हणतो आणि चाबूक उगारतो. त्या घोड्याच्या पाठीवरून कोणी मायेने आणि लक्षपूर्वक हात फिरविला असता, तर त्याच्या अडण्याचे कारण चाबकावाचूनच समजले असते.

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता पाटण मागे टाकून कोयनानगरला येतो आणि पुढे कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. देशावरील मेंढपाळ धनगरांचे वाडे दिवाळीच्या सुमारास आपली माळराने सोडून चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. त्यांतील काही वाडे सह्याद्रीचे असे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळा तोंडावर आला की पुन्हा देशावर परततात. कारण कोकणातील मुसळधार पाऊस मेंढ्यांना मानवत नाही. ह्या फिरत्या संसाराचा सगळा भार घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, धान्याची पोती, घोंगड्या, मेंढ्या कोंडण्याची वाघर, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि प्रसंगी चालून दमलेले लहान मूल, हे सारे तो मुका सेवक वाहून नेतो.

मुक्कामाची जागा आली की ओझी उतरतात. त्या वेळी दोन प्रकारची माणसे पाहावयास मिळतात. एक जण ओझे खाली टाकतो, घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो आणि त्याला चरावयास हाकलून देतो. दुसरीकडे एखादी धनगरीण ओझे उतरविल्यावर क्षणभर थांबते. तळहात सपाट ठेवून ती तो मानेपासून कमरेपर्यंत सावकाश नेते. कोठे कातडी गरम लागते काय, कोठे गाठ आली आहे काय, कोठे हात लागताच घोडा अंग चोरतो काय, हे ती पाहते. ह्या तपासणीला दोनचार मिनिटे लागत असतील. परंतु पहिल्याचा घोडा आठवड्याने घाटात अडून बसण्याची भीती असते, तर दुसरीच्या घोड्याचे दुखणे जखम होण्यापूर्वीच तिच्या हाताला कळलेले असते. ती दुसऱ्या दिवशी ओझे थोडे सरकवून बांधते, खाली मऊ घोंगडी घालते, अथवा त्या घोड्यास एक दिवस मोकळा ठेवते.

हे काम डोळ्यांनी भागत नाही, त्याला हातच लागतो, ह्याचे कारण घोड्याच्या स्वभावात आणि शरीरात आहे. घोडा हा मुळात रानातला, हिंस्र पशूंचे भक्ष्य असलेला प्राणी. जो घोडा लंगडतो किंवा कण्हतो तो शत्रूच्या नजरेत आधी भरतो. म्हणून वेदना लपविण्याची सवय त्याच्या रक्तात मुरली आहे. कुत्र्याप्रमाणे तो केकाटत नाही. त्याचे दुःख कान मागे पडण्यात, नाकपुड्या आणि जबडा ताठरण्यात, किंवा पाठीचा एखादा स्नायू दगडासारखा कठीण होण्यात प्रकट होते. दुसरी गोष्ट अशी की, मनुष्याच्या खांद्याला पुढून आधार देणारे गळ्याखालचे जे आडवे हाड असते, ते घोड्यास नसते. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी जोडलेले असतात. आणि शरीराच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग ह्याच पायांवर पडतो. स्वार किंवा ओझे आले की ह्या स्नायूंवरील ताण वाढतो. तो ताण वरून दिसत नसला, तरी हाताला लागतो.

घोड्याची कातडी जाड दिसते म्हणून तिला स्पर्श कळत नाही, असा समज करून घेणे चुकीचे आहे. अंगावर माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवून ती उडवितो. ज्याला माशीचे बसणे जाणवते, त्याला मनुष्याचा रागावलेला हात आणि मायेचा हात ह्यांतील भेद कळणार नाही काय?

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे अंगाने लहान, परंतु काटक आणि डोंगरी वाटांना सरावलेली. मराठ्यांचे घोडदळ त्यांच्याच बळावर दौडले. आजही धनगरांच्या वाड्यांबरोबर ती चालत असतात, आणि अलीकडेच भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंदली गेली आहे. जुन्या पागांत घोड्याला रोज खरारा केला जाई. खरारा म्हणजे नुसती धूळ झाडणे नव्हे. मोतद्दार खराऱ्याने आणि हाताने घोड्याचे अंग घाशी, चोळी, पाय दाबी, खूर उचलून पाही. त्या निमित्ताने घोड्याचा कणन् कण त्याच्या हाताखालून जाई. शिवछत्रपतींच्या पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. घोड्याची तहान आणि घोड्याचे खूर ह्यांची काळजी हा राज्यकारभाराचा भाग मानला जात होता.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या चिपळूणच्या परिसरात राज्याभिषेकाच्या सुमारास मराठ्यांच्या घोडदळाची छावणी पडली होती. तेथील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि वैरण आताच बेफिकिरीने संपविली तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, ह्या आशयाची कडक समज त्यात आहे. रयतेच्या पिकाला धक्का लावू नये, हेही त्याच पत्रात बजावले आहे. ज्या राजाला एवढे मोठे राज्य उभारावयाचे होते, त्याला घोड्याच्या मुखातील घासाचा विसर पडला नाही. मुक्या जनावराच्या हालांचा दोष नशिबावर न टाकता त्याच्या धन्यावर ठेवावा, हा त्या पत्राचा धडा आहे.

इतर देशांतील जाणत्यांनीही हेच ओळखले होते. ग्रीस देशात सुमारे तेवीसशे ते चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या सेनानीने घोड्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. घोड्याशी कधीही रागाच्या भरात वागू नये आणि त्याला जेथे स्पर्श आवडतो तेथे हात फिरवून त्याला माणसाची गोडी लावावी, असे त्याचे सांगणे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडात जन्मलेल्या लिंडा टेलिंग्टन-जोन्स ह्या अश्वशिक्षिकेने बोटांनी कातडीवर लहान लहान वर्तुळे काढून घोड्याला शांत करण्याची पद्धत लोकांपुढे मांडली. ह्या पद्धतीत जोर नसतो. कातडी हलकेच हलेल एवढाच दाब असतो. आज अनेक देशांत घोड्यांना असे हळुवार मालिश करणारे शिक्षित लोक आहेत.

शास्त्रज्ञांनी ह्या गोष्टीची परीक्षाही घेतली आहे. दोन घोडे मैत्रीने उभे राहिले की एकमेकांच्या मानेचा पायथा दातांनी हळूच खाजवितात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेमक्या त्या आवडत्या जागी माणसाने हाताने खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आणि दुसऱ्या जागी तसेच केले असता मंदावत नाहीत, असे त्यात आढळले. मायेचा हात घोड्याच्या काळजापर्यंत पोचतो, हे म्हणणे अशा रीतीने मोजून पाहता आले.

तथापि ह्यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, ज्याला दिवसभर कष्ट करून पोट भरावे लागते, त्याने घोड्याचे लाड करण्यास वेळ कोठून काढावा? माणसांचीच अंगे दुखत असताना घोड्याचे अंग चोळण्याची चैन कोणाला परवडते? हा प्रश्न गरिबीतून उठतो, म्हणून त्याचा उपहास करणे योग्य नाही. परंतु ज्याचे पोट घोड्यावर चालते त्यालाच घोड्याचे दुखणे सर्वांत महाग पडते. पाठ लागलेला घोडा पंधरा दिवस बसला, तर घरात काय शिजेल? श्रीमंताचा घोडा आजारी पडला तर दुसरा येतो; गरिबाजवळ दुसरा नसतो. म्हणून मिनिटभराचा तो स्पर्श ही चैन नसून कष्टकऱ्याची खरी काटकसर आहे. शिवाय ह्याला पैसा लागत नाही. त्याला लागतो एक रिकामा हात आणि थोडे स्थिर चित्त.

दुसरा आक्षेप शहाण्या माणसांचा आहे. हात फिरवून का कोठे रोग बरे होतात, असे ते विचारतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मालिश म्हणजे जादू नव्हे. मोडलेले हाड, चिघळलेली जखम, ताप किंवा पोटशूळ ह्यांवर हाताचा उपयोग नाही. अशा वेळी पशुवैद्याला त्वरित बोलावले पाहिजे. जखमेवर किंवा सुजेवर चोळणे तर घातकच होय. परंतु वैद्याला कधी बोलवावे हे प्रथम कोण सांगतो? रोज फिरणाऱ्या हातालाच कालची आणि आजची पाठ ह्यांतील फरक समजतो.

सरकारनेही ह्या मुक्या सेवकांसाठी नियम केले आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि ओझ्याच्या जनावरांविषयीचे नियम १९६५ साली आले. तट्टावर ७० किलोपेक्षा अधिक ओझे लादू नये. जनावराकडून दिवसात ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. हे नियम आवश्यक आहेत. परंतु कायदा ओझे मोजतो. ओझ्याखालची पाठ कशी आहे, हे तो पाहू शकत नाही. सत्तर किलोच्या आतले ओझेसुद्धा सोललेल्या पाठीवर डोंगराएवढे होते. जेथे कायद्याची दृष्टी संपते, तेथे धन्याच्या हाताचे काम सुरू होते.

हे काम शिकण्यासारखे आहे, आणि त्याची रीतही आहे. घोड्याला समोर अगदी नाकापुढचे आणि थेट मागचे दिसत नाही. म्हणून जाणता मनुष्य खांद्याच्या बाजूने, हलक्या आवाजात बोलत जवळ जातो. प्रथम तो हाताची मागची बाजू पुढे करून घोड्याला वास घेऊ देतो. मग मानेच्या पायथ्याशी हात ठेवून स्वस्थ उभा राहतो. घोड्याने मान खाली घातली, ओठ सैल सोडले, दीर्घ श्वास टाकला, म्हणजे परवानगी मिळाली असे समजावे. त्याने अंग चोरले तर हात हलका करावा किंवा दूर घ्यावा. मुलांनी हे धन्याच्या परवानगीने आणि त्याच्या देखतच करावे. अनोळखी घोड्याजवळ एकट्याने जाणे धोक्याचे असते.

महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान अशा ठिकाणी सहलीला जाणारी मुले घोड्यावर बसण्यास उत्सुक असतात. ‘फेरीचे किती घेणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ‘घोड्याची पाठ बरी आहे ना?’ हा प्रश्न त्याच्याही आधी विचारला गेला, तर धनीदेखील खोगीर उचलून पाहील. आणि दहा मुलांनी विचारला तर अकराव्या वेळी तो न विचारताच पाहील. चांगल्या चाली अशाच रूढ होतात.

मराठी भाषेत पाठीवरून हात फिरविणे म्हणजे शाबासकी देणे, धीर देणे. परीक्षेत यश मिळाले तरी वडीलधाऱ्यांचा तो हात हवासा वाटतो, आणि अपयश आले तर अधिकच हवासा वाटतो. जो घोडा दिवसभर दुसऱ्याचा संसार घाट चढवून नेतो, त्याची पाठ त्या हाताला पारखी का असावी? त्या जुन्या कोड्याचे उत्तर मुलांनी अवश्य पाठ ठेवावे. मात्र घोड्याची पाळी आली म्हणजे त्यात एक शब्द मनाने घालावा : हात न फिरविल्यामुळे.