सोन्यावर विश्वास, ज्ञानावर नाही!



गेल्या स्नेहसंमेलनात चहाच्या वेळी एका ज्येष्ठ गृहस्थांनी आम्हाला टोकले, "अहो, आरोग्याचे संशोधन म्हणजे मोठ्या कंपन्यांचे आणि दिल्लीच्या संस्थांचे काम. त्यात आपल्या मकरपुऱ्याच्या पत्र्याच्या शेडमधल्या माणसाचा काय संबंध?" चार जणांनी माना डोलावल्या. ज्येष्ठांचा मान राखून आम्ही तेव्हा गप्प बसलो. पण उत्तर पोटात राहिले होते, ते आज येथे देतो.

प्रथम आपल्याच गावाची आठवण करून देऊ. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली संस्थानच्या पैशातून कलाभवन उभे केले. त्याचे प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास गज्जर. याच गज्जरांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्या साथीने १९०७ साली ॲलेम्बिक काढली. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. विद्या, उद्योग आणि पतपुरवठा ही तीन चाके एकाच गावात, अठरा वर्षांत जोडली गेली. त्या कोटिभास्करांना कोणी विचारले असते, "औषधे बनवणे साहेबाचे काम, तुमचा काय संबंध?", तर आज बडोद्याचे नाव औषधनिर्मितीत निघाले असते का?

जुन्या गोष्टी सोडा. ट्रूनॅट हे क्षयरोगाचे निदान करणारे बॅटरीवर चालणारे यंत्र बंगळूरच्या बिगटेक या छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले आणि गोव्याच्या मोलबायोने ते बाजारात आणले. या कामाला सरकारी संशोधन निधीचा हातभार होता, आयसीएमआरने त्याची पारख केली आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराची शिफारस केली. जिथे वातानुकूलित प्रयोगशाळा नाही अशा प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते चालते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, करोनाने देश बंद पडत असताना, पहिल्या भारतीय आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाली ती पुण्याच्या मायलॅबला. त्या किटची तपासणी पुण्याच्याच सरकारी विषाणू संस्थेने केली होती. लहान उद्योगाची चपळाई आणि सरकारी संस्थेची पारख एकत्र आली की काय होते, त्याचे हे दोन पुरावे. संबंध काय, हा प्रश्न येथेच संपतो.

आता खरा प्रश्न. असे पुरावे मोजकेच का?

आमच्याच समाजातील एक तरुण मकरपुरा जीआयडीसीत हीटर आणि तापमान-नियंत्रक बनवतो. नऊ माणसे कामाला. एका वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांना कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी, वीज गेली तरी ऊब धरून ठेवणारी गादी हवी होती. सरकारी निधीतून प्रकल्प मंजूर झाला. उद्योग-भागीदार म्हणून याचे नाव लागले. घरात पेढे वाटले गेले. पहिला हप्ता आला, चार नमुने तयार झाले. मग विनियोग प्रमाणपत्र पाठवले, ते एका सहीसाठी परत आले, पुन्हा गेले, तेवढ्यात आर्थिक वर्ष बदलले. दुसरा हप्ता यायला अकरा महिने लागले. तोवर नऊ जणांचे पगार कोणी द्यायचे?

तो बँकेत आला. हातात सरकारी मंजुरीपत्र. बँकेने विचारले, तारण काय? मंजुरीपत्र हे तारण होत नाही, असे सांगून अर्ज परत केला. ज्या टेबलावरून तो परत गेला त्या टेबलावर आम्हीच बसलो होतो, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. दुसऱ्या दिवशी तो पत्नीच्या पाटल्या घेऊन आला. सोनेतारण कर्ज त्याच शाखेत अर्ध्या तासात मिळाले! सोन्यावर विश्वास, ज्ञानावर नाही. पुढे त्याने प्रकल्प सोडला. एक नमुना अजून त्याच्या शेडमधल्या कपाटावर धूळ खात पडला आहे.

काही जण म्हणतील, पैसा जनतेचा आहे, नियम नकोत काय? हवेतच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, हिशेबाशिवाय एक रुपया सोडा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण ज्या संस्थेत स्वतंत्र लेखा विभाग आहे तिच्याकडून आणि ज्या शेडमध्ये मालकच कारकून, मालकच फिटर आणि मालकच ड्रायव्हर आहे त्याच्याकडून एकाच नमुन्यातले कागद मागणे याला समान नियम म्हणत नाहीत. बुडवणारे मोठ्यांतही असतात आणि लहानांतही. उशीर मात्र फक्त लहानांनाच बुडवतो.

योजना नाहीत असे नाही, आणि सरकारला त्याचे श्रेय दिले पाहिजे. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली लहान उद्योगांसाठी संशोधन योजना सुरू केली. २०१२ साली बायरॅक ही संस्था स्थापन झाली. तिच्या 'बिग' योजनेत नव्या कल्पनेसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळते आणि मुदत १८ महिन्यांची असते. पुण्याचे व्हेंचर सेंटर हे त्याचे एक भागीदार केंद्र आहे. डिसेंबर २०२३ मध्ये वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी 'मेडटेक मित्र' सुरू झाले. आपल्या सावलीला राज्य सरकारचे बायोटेक इन्क्युबेटर आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? हात वर करा!

आणि २०२५ साली केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला. आकडा ऐकून छाती फुगते. पण हा पैसा मुख्यतः कमी व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे आणि भागभांडवल या रूपाने, निधी-व्यवस्थापकांमार्फत जाणार आहे, आणि तोही प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या तंत्रज्ञानाला. ज्याचा जीव पहिल्या आणि दुसऱ्या हप्त्याच्या मध्ये अडकतो, त्याच्यापर्यंत हा पाट पोहोचेल कसा?

अमेरिकेने १९८२ साली कायदा केला. मोठा संशोधन निधी वाटणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक वाटा लहान उद्योगांना दिलाच पाहिजे, अशी सक्ती केली. त्यांची आरोग्य संशोधन संस्थाही त्यात आली. आरंभी एक टक्क्याहूनही कमी असलेला हा वाटा वाढत वाढत २०१७ पर्यंत ३.२ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे काय? केंद्रीय खाती आणि सरकारी उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीतील २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे. म्हणजे खुर्च्या आणि फायली लहान कारखानदाराकडून घ्यायच्या, पण आरोग्य संशोधनाच्या पैशात त्याला कायद्याने वाटा नाही. त्याच्या हातावर विश्वास आहे, डोक्यावर नाही!

तसेच २००६ च्या एमएसएमई कायद्याने लघु उद्योगाच्या मालाचे पैसे ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागते. पण अनुदानाचा हप्ता म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे तो या कायद्यात बसत नाही. खासगी व्यापाऱ्याला जी शिस्त सरकार लावते, ती स्वतःला का लावत नाही?

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत. एक, केंद्राच्या आरोग्य संशोधन निधीत लहान उद्योगांचा वाटा कायद्याने बांधावा. दोन, कागद पूर्ण झाल्यापासून ४५ दिवसांत पुढचा हप्ता द्यावा, उशिराचे व्याज खात्याने सोसावे. तीन, सरकारी मंजुरीपत्रावर खेळते भांडवल देता यावे अशी हमी बँकांना द्यावी. चार, सरकारी रुग्णालयांत नमुन्यांची चाचणी घेण्यासाठी लहान उद्योगांना ठरलेल्या मुदतीत दार उघडावे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष न बघता, हे चार प्रश्न विचारा. मराठी शाळा आणि गणेशोत्सवाचा मंडप यांपलीकडेही आपल्याला काही मागायचे आहे, हे एकदा त्यांना कळू द्या.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. गायकवाडी काळापासून आपण या मातीत आहोत. दिवाण, कारकून, प्राध्यापक, बँकवाले आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या झाले. कागदाचे काम आपल्याला जमते, हा आपला लौकिक आहे. मग ते कौशल्य निवृत्तीनंतर केवळ पेन्शनचे फॉर्म भरण्यातच खर्च करायचे का? विद्यापीठ, रेल्वे, जीएसएफसी आणि बँकांतून निवृत्त झालेले किती अनुभवी लोक रोज संध्याकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारतात!

आमचा प्रस्ताव साधा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळाच्या सभागृहात दोन टेबले मांडावीत. एका टेबलावर हिशेब, विनियोग प्रमाणपत्र आणि बँकेचे कागद. दुसऱ्यावर योजनांची माहिती, इंग्रजी प्रस्तावाचा मसुदा आणि वैद्यकीय उपकरणांचे नियम. मराठी असो वा गुजराती, जो येईल त्याला फुकट मदत. पहिल्या टेबलावर आम्ही स्वतः बसू. ज्या हातांनी अर्ज परत केला, त्याच हातांनी पुढचा अर्ज भरून द्यायचा आहे. दुसऱ्या टेबलाची खुर्ची रिकामी आहे. चहाच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या त्या ज्येष्ठ गृहस्थांनीच ती भूषवावी, अशी आमची नम्र विनंती आहे. त्यांची उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली आहे.

कपाटावरची ती गादी खाली काढायची आहे. मंडळाने विचार करावा आणि लवकर करावा.